मिरज ते लातूर : बार्शी लाईटच्या मागावर

पहिला दिवस : मिरज ते पंढरपूर

मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही गेजच्या, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवरच्या, गाड्या उभ्या राहायच्या. पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला, मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली आणि छोटी गाडी सगळ्यांत शेवटी. तिला सरकारी कागदांत 'बार्शी लाईट रेल्वे' म्हणत. लोक नुसतं 'बार्शी लाईट' म्हणायचे, नाहीतर 'छोटी गाडी'. मिरज ते लातूर लांबी २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. आजच्या रुंद मार्गाचं १६७६.

ती गाडी आता कुठेच धावत नाही. पण तिचा मार्ग, थोडी वळणं सोडली तर, जसाच्या तसा आहे आणि त्यावर मोठ्या गाड्या धावतात. तेव्हा मिरजेहून निघायचं, मिळेल त्या पॅसेंजरनं टप्प्याटप्प्यानं लातूर गाठायचं, मध्ये जिथे रूळ सोडून गेले आहेत तिथे एसटीनं किंवा पायी, एवढाच बेत होता.

गाडी सुटली की पहिली काही स्टेशनं कृष्णेच्या पाण्यावरची. आरग, बेळंकी, सलगरे. ऊस, द्राक्षाच्या बागा, मधूनच हळदीचं शिवार. मग हळूहळू रान फिकं होत जातं. कवठेमहांकाळ, ढालगाव हा पट्टा कायमचा दुष्काळी. म्हैसाळ योजनेचं पाणी उपसून वर आणल्यापासून इथेही हिरवे तुकडे दिसायला लागलेत. पाण्याचा कालवा कुठवर आला आहे ते खिडकीतून नुसत्या रंगावरून सांगता येतं.

पुढे जत रोड. रेल्वेच्या नकाशात 'रोड' लागलेलं स्टेशन दिसलं की समजावं, ते गाव तिथे नाही. जत रोडला जत नाही, लातूर रोडला लातूर नाही. कुर्डुवाडीचं मूळ नावही 'बार्शी रोड' होतं आणि बार्शी तिथून पस्तीसेक किलोमीटर लांब. या सगळ्या रेल्वेचा जन्म त्या पस्तीस किलोमीटरांतूनच झाला, पण ते कुर्डुवाडीला पोचल्यावर.

मिरज-पंढरपूर हा तुकडा खरं तर या लाइनीतला सगळ्यांत धाकटा. तो १९२७ मध्ये पुरा झाला. ज्यानं ही रेल्वे उभी केली तो एव्हरर्ड कॅलथ्रॉप त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारला.

समोरच्या बाकावर सांगोल्याचे एक डाळिंबवाले बागायतदार होते. छोट्या गाडीनं ते कॉलेजला मिरजेला जायचे. "गाडी इतकी सावकाश जायची, की उतरून बोरं तोडून परत चढायचो," म्हणाले. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगितली जाते आणि सांगणाऱ्यानं ती स्वतः केलेली असते, म्हणून मी नुसतं हसलो. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. "चढावर हां," त्यांनी दुरुस्ती केली, "आणि गाडीला पंढरपूरची गर्दी असली तरच."

सांगोला स्टेशनाला आता वेगळाच मान आहे. करोनाच्या काळात किसान रेल सुरू झाली, तेव्हा देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी इथूनच बंगालमधल्या शालिमारला गेली. डाळिंबं थेट, मध्ये कुठेही न उतरवता. हे 'मध्ये न उतरवता' लक्षात ठेवण्यासारखं आहे. बार्शी लाईटवर ते कधीच शक्य झालं नाही.

संध्याकाळी पंढरपूर.

दुसरा दिवस : पंढरपूर

वारीचे दिवस नव्हते, त्यामुळे दर्शन तासाभरात झालं. चंद्रभागेच्या वाळवंटात थोडा फिरलो आणि मग स्टेशनावर जाऊन बसलो, कारण मला बघायचं होतं ते तिथे होतं.

पंढरपूरचं स्टेशन रोजच्या गाड्यांच्या मानानं फार मोठं वाटतं. ते आषाढी-कार्तिकीच्या मापानं बांधलेलं आहे. कुर्डुवाडीकडून ही लाइन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे पोचली. कापूस नि धान्यासाठी निघालेल्या कंपनीला विठोबानं फार मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. पायी वारी ज्याची त्याची असते. पण परतीला पाय थकलेले असतात, घरी पेरणी वाट बघत असते. त्या लोकांना छोटी गाडी सोयीची पडली. डबे पुरले नाहीत की मालडब्यांतून, टपावरून, जमेल तिथून माणसं जायची.

स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा घेताना गल्ल्यावरच्या मामांनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी कार्तिकीनंतर दोन दिवस प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसे, आणि त्यांचे वडील भाकरी-पिठल्याची टोपली घेऊन डब्याडब्यांतून फिरत. "आता?" मी विचारलं. "आता गाडी मोठी, थांबते कमी. खाली उतरायच्या आत सुटते." तक्रार नव्हती त्यात. धंदा त्यांनी केव्हाच रस्त्यावर आणला होता. एसटी स्टँड आणि खासगी गाड्या जास्त फायद्याच्या.

मला वाटतं, छोट्या गाडीबद्दल हळहळणाऱ्यांनी या मामांसारख्यांना एकदा विचारावं. हळहळ बहुतेक वेळा गावाबाहेर राहायला गेलेल्यांची असते. जे इथेच राहिले त्यांनी रुंद मार्गासाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, मोर्चे काढले.

दुपारच्या गाडीनं भीमेचा पूल ओलांडला. आष्टी, मोडनिंब मागे टाकत कुर्डुवाडी. हा तुकडा सगळ्यांत आधी, २००१ च्या सुमाराला, रुंद झाला.

तिसरा दिवस : कुर्डुवाडी

इथे बघायला काही नाही असं ज्याला त्याला वाटतं. माझा मात्र सगळा दिवस गेला.

मुंबई-सोलापूर-मद्रास या मोठ्या मार्गावरचं हे स्टेशन. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथून गेली तेव्हा बार्शीची पेठ बाजूला राहिली. बार्शी म्हणजे नुसता तालुका नव्हता. चहूबाजूंनी निजामाचं राज्य आणि मध्ये इंग्रजी अमलातलं हे बेट. बालाघाटावरचा कापूस, ज्वारी, करडई, जवस असं सगळं बैलगाड्यांनी बार्शीच्या आडतीत यायचं आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनी बार्शी रोडला. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुतायच्या आणि माल पेठेत अडकून पडायचा.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. ही बैलगाड्यांची रांग बघून त्याला वाटलं, इथे रेल्वे चालेल, पण मोठी नाही. मोठ्या मार्गाचा खर्च एवढ्याशा अंतरावर कधीच निघाला नसता. १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हे २१ मैल सुरू झाले.

आता यातली खरी गंमत. नॅरोगेज त्याआधीही होती. पण ती बहुतेक ठिकाणी खेळण्यासारखी, डोंगरात नाहीतर खाणीत. कॅलथ्रॉपनं हिशेब उलटा मांडला. रूळ हलके घ्यायचे, यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलो (आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात). अशा रुळांवर एका आसाचा, म्हणजे चाकांच्या एका जोडीचा, भार पाच टनांच्या वर जाता कामा नये. मग नियम केला: इंजिन असो, डबा असो, वाघिण (मालडबा) असो, प्रत्येक आसावर पाच टन, त्याहून जास्त नाही. इंजिन जड हवं, तर त्याला चाकं वाढवायची. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यानं बार्शीसाठी बनवलेली पहिली इंजिनं लांबट, खाली चाकांची रांग असलेली होती. वाघिणींचे सांगाडे पोलाद दाबून घडवलेले; त्यामुळे वाघिण स्वतः हलकी आणि माल भरपूर. हे सगळं जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून त्यानं जाणकारांना चालवून दाखवलं. अडीच फुटी रेल्वे म्हणजे तडजोड नव्हे, नीट रचली तर ती तोलामोलाची रेल्वे असते, हे त्याला सिद्ध करायचं होतं. हलक्या रेल्वेबद्दल पुढे जगात जे शिकवलं गेलं, त्यात बार्शीचं उदाहरण येतंच.

माणूस जरा विक्षिप्तच. अरबी घोडे पाळायचा आणि त्यांना मारझोड न करता शिकवावं कसं यावर लिहायचा. विमानं आली तेव्हा वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं आपल्या वैमानिकांना ती द्यायला बराच काळ टाळाटाळ केली, आणि यात त्याचा बराच पैसा गेला. पाच टनांचा हिशेब करणारा आणि छत्रीचा नाद धरणारा माणूस एकच, हे मला कुर्डुवाडीच्या उन्हात बसून फार आवडलं.

पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट बसली नाही, आणि ती इथेच, या स्टेशनात होती. बार्शीहून पोतं छोट्या वाघिणीत चढलं, की ते कुर्डुवाडीत उतरवायचं आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायचं. प्रत्येक पोतं, प्रत्येक कापसाची गाठ, प्रत्येक तेलाचा डबा. मुंबईहून येणारा माल याच्या उलट. रेल्वेच्या भाषेत ट्रान्सशिपमेंट. इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा इंजिनिअर पुन्हा कॅलथ्रॉपच. तिथे त्यानं मोठी वाघिण उचलून छोट्या चाकांच्या गाड्यावर ठेवून न्यायची सोय केली होती. कुर्डुवाडीत पोती माणसांच्या पाठीवरून गेली. या गावचा एक मोठा मोहल्लाच त्यावर उभा राहिला.

स्टेशनाबाहेर एक वयस्क अण्णा भेटले. त्यांच्या घरी दोन पिढ्या हमाली झाली. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो: हंगामात रात्रपाळी लागायची, दोन प्लॅटफॉर्मच्या मध्ये फळ्या टाकून पोती सरळ या डब्यातून त्या डब्यात. गळालेलं धान्य झाडून घ्यायचा हक्क कुणाचा, यावरून बायांची भांडणं. "पोतं फाटलं तर व्यापाऱ्याचं नुकसान, नाही फाटलं तर आमचं," असं म्हणून ते मोठ्यानं हसले.

ट्रक आले तसा हा सगळा हिशेब उलटा फिरला. लातूरच्या मोंढ्यातून ट्रक भरला की तो थेट मुंबईच्या मशीद बंदरात रिकामा. ना उतरवणं, ना चढवणं, ना गळती. छोटी गाडी हळू होती म्हणून मेली असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. ती हळू तर १८९७ पासूनच होती. ती मेली ती या फळ्यांवर, दोन गेजच्या मधल्या दोन पावलांत. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली तरी ती दोन पावलं तशीच राहिली. मालक बदलल्यानं रुंदी बदलत नाही.

कंपनीचा कारखाना इथे होता. आजही कुर्डुवाडीत रेल्वेचा कारखाना चालू आहे. पाळी सुटल्यावर सायकली आणि मोटारसायकलींची रांग बाहेर पडते. नॅरोगेज गेली, कारखान्यानं काम बदललं आणि गाव टिकलं.

चौथा दिवस : बार्शी, येडशी

सकाळच्या गाडीनं शेंद्रीवरून बार्शी टाउन. मूळचे ते २१ मैल म्हणजे हेच. दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारीची धाटं, कुठे द्राक्षं. डोंगर नाही, घाट नाही. एवढ्या सपाटीवर नॅरोगेज का टाकली, याचं उत्तर जमिनीत सापडत नाही, ते लंडनच्या भागधारकांच्या हिशेबात सापडतं.

बार्शीत भगवंताचं देऊळ बघितलं. विष्णू 'भगवंत' या नावानं पुजला जातो आणि गावाला त्याचा अभिमान आहे, तो इतका की रिक्षावाल्यानं मी न विचारता दोनदा सांगितलं. मग बाजार समिती. तूर, हरभरा, सोयाबीन, आणि ज्वारी. बार्शीच्या ज्वारीची भाकरी खाल्ल्याशिवाय आडतीतून हलू देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. यापुढे दिवसभर काही खायची गरज पडली नाही.

बार्शीच्या पुढे लाइन निजामाच्या हद्दीत शिरायची. १९०६ मध्ये ती तडवळ्यापर्यंत गेली, १९११ मध्ये लातूरला पोचली. इकडे इंग्रजी रुपया, तिकडे निजामाचं नाणं, हाली शिक्का. हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, तपासणी. एकच गाडी दोन राज्यांतून जायची. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात हद्दीलगतच्या या बार्शी पट्ट्यात स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रं होती, त्याला हाच भूगोल कारण. इथून दोन-चार कोसांवर दुसरं सरकार.

जुन्या नकाशात आणखी एक गोष्ट खटकते. लाइन पांगरीवरून थेट येडशीला जाते आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हे जिल्ह्याचं ठिकाण बाजूलाच राहतं. कंपनीला कचेऱ्यांत रस नव्हता. जिथे पोती तिथे रूळ. गेज बदलताना ही चूक, निदान जिल्ह्याच्या नजरेतली चूक, दुरुस्त केली गेली. २००७-०८ मध्ये रुंद मार्ग वळसा घेऊन धाराशिवमधून नेला आणि पांगरी ते येडशी हा जुना सरळ रस्ता सुटला.

तो सुटलेला तुकडाच बघायचा होता, म्हणून बार्शीहून एसटी धरली आणि येडशीच्या अलीकडे रामलिंगला उतरलो. बालाघाटाच्या कुशीत खोल दरीत शंकराचं देऊळ. रावणाशी लढताना जटायू इथे पडला आणि रामानं त्याला पाणी पाजलं, अशी कथा. भोवतीचं जंगल अभयारण्य आहे. माकडं फार; हातातली पिशवी सांभाळावी लागते. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते, आत्ता चार-दोन माणसं.

देवळाकडे उतरण्याआधी जुन्या लाइनीची वाट शोधत फिरलो. रूळ नाहीत, पण भराव ओळखू येतो, कारण एवढ्या मोजून-मापून चढणारी जमीन निसर्ग करत नाही. बाभळी आणि घाणेरी माजली आहे. प्रसाद विकणाऱ्या आजी म्हणाल्या, की गाडी घाट चढताना इतकी धापा टाकायची, की तिच्या आवाजावर त्या चुलीवर भात ठेवायच्या. "आणि उतरणीची?" "उतरणीची कळायचीच नाही, बाबा." सबंध लाइनीवर जी थोडीफार चढण होती ती इथे, आणि मोठ्या गाडीनं नेमकी तीच टाळली.

येडशीत मुक्काम.

पाचवा दिवस : लातूर

येडशीहून गाडी कळंब रोड, ढोकी करत जाते. कळंब रोडला अर्थातच कळंब नाही. ढोकीला मात्र उतरलो, कारण तिथून तेर जवळ आहे. गोरोबाकाकांचं तेर. त्यांच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, ते तगर होतं आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं, असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलेलं आहे. म्हणजे या पट्ट्याचा कापूस समुद्राकडे जायला रेल्वेची वाट बघत बसला नव्हता. बैलगाडी, मग छोटी गाडी, मग ट्रक. संग्रहालय बघितलं, काकांच्या समाधीला हात लावला, पुढची गाडी पकडली.

मुरुडनंतर हरंगुळ. इथे रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये पायाभरणी, २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा बाहेर. एके काळी लीड्सहून डबे बोटीनं मागवणाऱ्या लाइनीवर आता डब्यांचा कारखाना आहे, हे कॅलथ्रॉपला आवडलं असतं. आसाचा भार किती, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं असतं.

लातूरचं स्टेशन नवं, गावाबाहेर. छोटी गाडी थेट गावात यायची. रिक्षानं गंजगोलाईला गेलो. १९१७ च्या आराखड्याचा हा गोल बाजार, सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ. रेल्वे आली १९११ मध्ये, बाजार आखला तो त्यानंतर लगेच. दोन्हींचा संबंध सांगायला इतिहासकार लागत नाही. पोत्यांना उतरायला जागा हवी होती.

याच लाइनीनं लातूरला एकदा पाणी आलं, ते बहुतेकांना आठवत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी टँकरच्या वाघिणींतून आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टँकरांच्या गाड्या, ऑगस्टपर्यंत. मिरज ते लातूर, म्हणजे बार्शी लाईटचा अगदी टोकापासून टोकापर्यंतचा रस्ता. छोटी लाइन असती तर? पाच टनांच्या आसावर पाणी आलं असतं, पण फार थोडं. आणि मोठ्या लाइनीवरचा एकही टँकर इथवर आला नसता. गोलाईतल्या एका कापड दुकानदारांनी त्या दिवसांत घरी नळाला पाणी कधी यायचं याचा हिशेब दुकानाच्या वहीत लिहून ठेवला होता. वही त्यांनी दाखवली नाही, पण तारखा तोंडपाठ होत्या.

रात्रीची मुंबई गाडी पकडली. पूर्वी लातूरकर मुंबईला निघाला की रात्री-अपरात्री कुर्डुवाडीत ट्रंका, वळकटी, पोरंबाळं घेऊन गाडी बदलायचा. आता चादर अंगावर घेतली की दादर. शेजारच्या बर्थवरचे गृहस्थ आडत दुकान चालवतात. रुंद मार्गाचा सगळ्यांत मोठा फायदा काय, असं विचारलं तर म्हणाले, "गाडी बदलावी लागत नाही हे खरं, पण तिकीट मिळतंय कुठं? माझं वेटिंग निघताना कन्फर्म झालं. अजून एक गाडी पाहिजे बघा रोजची. त्यासाठी निवेदन दिलंय."